आईला ‘अडाणी’ कसे लिहू?

स्मरणिकेत साधारणतः आठवणी लिहिल्या जातात. आम्हीही एका आठवणीपासूनच आरंभ करीत आहोत. मात्र तिच्या आधारे आम्हांला एक मत मांडावयाचे आहे. ते मत नाटकातील पात्रावर निबंध कसा लिहावा आणि शिक्षकाने तो कसा लिहवून घ्यावा, याविषयी आहे. विषय लहान वाटेल. परंतु वर्गात आयुष्य घालविल्यावर आमची अशी खात्री झाली आहे की, दुसऱ्या माणसाची पारख शिस्तीने करावयास मुलाला शाळेत ज्या थोड्या जागा मिळतात, त्यांपैकी ही एक आहे. ती जागा आम्ही शिक्षकांनीच पुष्कळ वर्षे वाया घालविली.

आम्ही मूळचे इतिहासाचे. परंतु निवासी शाळेत शिक्षक मोजके असतात, त्यामुळे काही वर्षे नववीचे मराठीही आमच्याकडे होते. एका वर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त, मुलांनी महात्मा जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ नाटकातील काही प्रवेश सादर केले. वसतिगृहातील चादरींचा पडदा झाला, भोजनगृहातील पाट रंगमंचावर आले. प्रयोग चांगला झाला. पुढच्याच आठवड्यात आम्ही वर्गाला निबंध दिला : ‘कुणब्याच्या बायकोचे स्वभावचित्र रेखाटा.’

वह्या आल्या. भोळी, अडाणी, अंधश्रद्धाळू, कष्टाळू, पतीच्या शब्दाबाहेर नसणारी, अशी पाच-सहा विशेषणे प्रत्येक वहीत होती. प्रत्येक विशेषणाखाली दोन ओळी, आणि शेवटी ‘म्हणून हे पात्र माझ्या मनात घर करून राहिले आहे.’ आम्ही चांगले गुण दिले. देणे भागच होते, कारण ही पद्धत आम्हीच शिकविली होती. एका मुलीच्या वहीत मात्र दुसऱ्या मुद्द्याची जागा कोरी होती. वाक्य असे होते : ‘कुणब्याची बायको ही —— आहे.’ आम्ही लाल शाईने ‘मुद्दा अपूर्ण’ असा शेरा मारला आणि गुण कापले.

त्या रात्री अभ्यासिकेत ती मुलगी वही घेऊन आली. तिने सांगितले ते थोडक्यात असे. तिचा धाकटा भाऊ तापाने फणफणला होता. वडील ऊसतोडीला गेलेले. दवाखाना तालुक्याच्या गावी, आणि एसटी दिवसातून एकदा. आईने कानांतली फुले गहाण टाकली आणि वस्तीवरच्या भगताला पैसे दिले. एवढे सांगून ती म्हणाली, “सर, नाटकातल्या बाईनं केलं तेच माझ्या आईनं केलं. मग आईला अडाणी कसं लिहू?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. कापलेले गुण आम्ही परत दिले. पण ते उत्तर नव्हे, हे तिलाही कळले असावे आणि आम्हांलाही.

ज्यांनी हे नाटक वाचलेले नाही, त्यांच्यासाठी त्याची हकिकत सांगणे आवश्यक आहे. जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ १८५५ साली लिहिले. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी अमलात त्या निधीतील काही भाग ग्रंथांना बक्षिसे देण्याकडे वळविण्यात आला. जोतीरावांनी आपले नाटक या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले आणि कमिटीने ते नाकारले. पुढे ते छापील रूपात वाचकांसमोर आले ते १९७९ साली, म्हणजे एकशे चोवीस वर्षांनी. कथानक साधे आहे. एका कुणब्याची बायको गरोदर आहे. जोशी तिला ग्रहपीडेचे भय घालतो आणि त्यावर ब्राह्मणभोजनाचा व दक्षिणेचा उपाय सांगतो. तो खर्च त्या घराच्या ऐपतीबाहेरचा आहे, तरी नवरा-बायको तो करतात. पुढे एका पाद्रीची गाठ पडते, वादविवाद होतो, आणि अखेर ती दोघे जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रशाळेत शिकावयास जाण्याचा निश्चय करतात. विदूषक मधूनमधून प्रेक्षकांना जोशाच्या बोलण्यातील मेख दाखवीत असतो.

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ सालच्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून मानतो. त्या परंपरेतील नाटकांत देव, राजे आणि राक्षस येत. त्यांचे स्वभाव प्रेक्षकाला घरूनच ठाऊक असत. राक्षस आला की तो क्रूर असणार, यासाठी पुराव्याची गरज नसे. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी लिहिलेल्या या नाटकात कुणब्याचे घर आले. आणि नाटकाच्या आरंभी असलेली बाई नाटकाच्या शेवटी तीच राहत नाही. आमच्या मते या नाटकाचे सारे मोल या एका गोष्टीत आहे. आमच्या वर्गातील निबंधांत मात्र नेमकी हीच गोष्ट नव्हती. विशेषणांच्या यादीत काळ नसतो. ‘भोळी आहे’ असे लिहिले की ती पहिल्या प्रवेशातही भोळी आणि शेवटच्या प्रवेशातही भोळी. मग शेवटी पाटी-पुस्तकाकडे वळणारी बाई कोण, याचा उलगडा अशा निबंधातून होत नाही.

येथे ‘स्वभाव’ या शब्दाकडेही थोडे पाहिले पाहिजे. स्वभाव म्हणजे जे माणसाच्या ठायी मुळातच आहे ते, असा त्याचा अर्थ आपण धरून चालतो. अमक्या कुळातला अमक्या वळणाचा, अमक्या जातीचा म्हणजे अमक्या गुणांचा, असे बोलणे या देशात शेकडो वर्षे चालत आले. आपल्या आजोबा-पणजोबांविषयी ते बोलले गेले. आपल्यापैकी अनेकांनी ते शाळेच्या बाकावर बसून स्वतःच्या कानांनी ऐकले. ज्यांच्यावर असे शिक्के बसले, त्यांच्याच मुलांच्या हाती आम्ही विशेषणांचे शिक्के दिले आणि म्हणालो, मारा आता नाटकातल्या माणसांवर. शिक्का मारणारा हात बदलला म्हणून शिक्क्याची पद्धत चांगली होत नाही.

‘अडाणी’ हा शब्दच घ्या. १८५५ साली कुणब्याच्या बायकोला लिहिता-वाचता येत नाही, हा तिचा स्वभाव कसा होईल? पुण्यात जोतीरावांनी मुलींची पहिली शाळा उघडून तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. त्यापूर्वी तिच्यासारखीला दार कोठे होते? पंचांग जोशाच्या हाती, अक्षर जोशाच्या हाती, आणि ग्रह अनुकूल आहेत की प्रतिकूल हे सांगण्याचा अधिकारही त्याच्याच हाती. तो सांगतो ते पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन तिच्याजवळ नाही. इतिहासाचा विद्यार्थी याला परिस्थिती म्हणेल. परिस्थितीला स्वभाव म्हटले की, ती घडविणारे सारे हात नजरेआड होतात आणि दोष एकट्या बाईच्या पदरात पडतो.

त्या रात्रीनंतर आम्ही पात्रावरील निबंध निराळ्या रीतीने शिकवू लागलो. इतिहासाच्या अभ्यासात कागद हाती आला की आम्ही विचारतो : हा कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, त्याला काय ठाऊक होते, आणि त्याचा यात लाभ काय? नाटकातील संवाद हाही एक कागदच आहे, असे समजून मुलांनी चार प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचविले.

पहिला प्रश्न : पात्र प्रत्यक्ष काय करते? त्याच्याविषयी इतर पात्रे काय म्हणतात, हे वेगळ्या रकान्यात लिहावे. जोशी बाईविषयी जे बोलतो ती जोशाची साक्ष आहे; विदूषक जोशाविषयी जे बोलतो ती विदूषकाची साक्ष आहे. विदूषक तर उघडच नाटककाराच्या बाजूचा आहे. त्याचे म्हणणे आपल्याला पटणारे असले, तरी तेही कृतीशी ताडून पाहिले पाहिजे.

दुसरा प्रश्न : त्या क्षणी पात्राला काय ठाऊक आहे आणि कशाचे भय आहे? आपण प्रेक्षागृहात बसून सारे जाणतो. पात्र जाणत नाही. आपल्या ज्ञानाच्या मापाने त्याला मूर्ख ठरविणे हा अन्याय आहे.

तिसरा प्रश्न : पात्र कोणासमोर कसे बोलते? तीच बाई जोशासमोर, नवऱ्यासमोर आणि पाद्रीसमोर एकाच सुरात बोलते का? कोठे ती गप्प राहते? गप्प राहणे हीदेखील नोंदण्याजोगी गोष्ट आहे.

चौथा प्रश्न : आरंभापासून शेवटापर्यंत काय बदलले आणि कशामुळे? काहीच बदलले नसेल, तर तेही का, हे सांगावे.

या चार प्रश्नांची टिपणे झाली की मगच लेखणी उचलावी. आरंभी एकच विधान करावे, आणि ते असे असावे की कोणीतरी त्याला ‘नाही’ म्हणू शकेल. ‘कुणब्याची बायको भोळी आहे’ या वाक्यावर वाद होत नाही आणि विचारही होत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘कुणब्याची बायको जोशावर विश्वास ठेवते, कारण तिला भय पोटातल्या मुलाचे आहे आणि जोशाचे म्हणणे पडताळण्याचे साधन तिच्या हाती नाही.’ आता या वाक्याला आधार द्यावा लागतो. प्रवेश शोधावा लागतो, बोलणे पाहावे लागते. त्यानंतर आपल्या विधानाच्या विरुद्ध जाणारी एक तरी गोष्ट नाटकातून काढून तीही मांडावी. शेवटी, सुरुवातीचे विधान जसेच्या तसे टिकले की थोडे बदलावे लागले, ते प्रांजळपणे सांगावे. एवढे केले की निबंध झाला. त्यात अलंकार नसले तरी चालतील.

याच रीतीने जोशाकडे पाहिले की ‘लबाड’ या शब्दावर थांबता येत नाही. तो आधी भय निर्माण करतो, मग त्या भयावरचा उपाय आपल्याच झोळीतून काढतो. हा क्रम मुलाने स्वतः शोधून लिहिला, तर तोच क्रम पुढे बाजारात, निवडणुकीत किंवा एखाद्या नव्या बाबाच्या दरबारात भेटला की तो त्याला ओळखू येईल. ‘लबाड’ एवढाच शब्द पाठ केला असेल, तर ओळखू येणार नाही. कारण लबाड माणूस कपाळावर तसे लिहून येत नाही.

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल की आम्हांला उत्तर सापडले. तसे झाले नाही. पुढच्या वर्षी नव्या वर्गाला तोच निबंध दिला. वह्या उघडल्या तर ‘अडाणी’ हा शब्द कोठेच नव्हता. त्याच्या जागी प्रत्येक वहीत ‘शोषित’ आणि ‘पीडित’ होते! सरांना हा शब्द आवडतो, असे आधीच्या मुलांनी वसतिगृहात सांगून ठेवले होते. आम्हांला आधी हसू आले, मग वाईट वाटले. शोषण नाटकात आहेच, ते आम्ही नाकारीत नाही. पण ‘शोषित’ म्हणून थांबलेला निबंधही शेवटच्या प्रवेशापुढे मुका होतो. केवळ जिच्यावर अन्याय झाला अशी बाई रात्रशाळेची वाट कशी धरते? त्यासाठी तिच्यात शंका जागी व्हावी लागते आणि आपण फसलो हे मान्य करण्याचे धैर्य लागते. ते धैर्य ‘अडाणी’ म्हणणाऱ्याला दिसले नाही आणि ‘शोषित’ म्हणणाऱ्यालाही दिसले नाही. आपल्या लोकांविषयी कळवळ्याने लिहितानाही आपण त्यांचे मन, त्यांची निवड आणि त्यांची चूक त्यांच्याकडून काढून घेऊ शकतो. ही आमची दुसरी चूक होती, आणि पहिलीपेक्षा ती ओळखावयास कठीण होती.

म्हणून आम्ही मुद्दाम दुसऱ्या वळणाचे नाटक घेतले. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांना रडविले. सिंधूवर निबंध म्हटले की ‘आदर्श पतिव्रता’ हे दोन शब्द ठरलेले. काही मुलींनी आता त्याऐवजी ‘पुरुषी व्यवस्थेची बळी’ असे लिहिले. आम्ही दोन्हींवर एकच शेरा दिला : ‘आधार दाखवा.’ मग मुली पुन्हा नाटकाकडे गेल्या. सिंधूचा भाऊ पद्माकर मदतीला उभा आहे. ती मदत न घेता ती दळण दळून संसार ओढते. तेव्हा तिच्यापुढे दुसरे दारच नव्हते, असे लिहिता येत नाही. आणि नवऱ्याच्या हातून घाव बसल्यानंतर, मरणाच्या दारात असताना, पोलिसांसमोर ती त्याला वाचविण्यासाठी खोटे सांगते. तेव्हा तिच्या निष्ठेची किंमत कोणी मोजली, हेही विचारल्यावाचून राहवत नाही, कारण तिचे तान्हे मूलही त्या घरात जीव गमावते. एका मुलीने शेवटी लिहिले की, सिंधूचा मला आदर वाटतो आणि रागही येतो, आणि दोन्ही खरे आहेत. आमच्या आठवणीत त्या वर्षीचा तो सर्वांत प्रामाणिक निबंध होता. सुधाकराविषयीही मुलांना ‘व्यसनी’ म्हणून मोकळे होता आले नाही. कोर्टातील मानभंग, काही काळासाठी गेलेली सनद आणि त्या अवस्थेत तळीरामाने पुढे केलेला पेला, हा क्रम त्यांना लिहावाच लागला. कारण दिले म्हणून दोष माफ होत नाही. पण कारण न देता दिलेला निवाडा हा निवाडाच नव्हे.

या पद्धतीला पालकांकडून दोन आक्षेप आले. दोन्ही सद्भावनेचे होते, म्हणून येथे नोंदवितो.

पहिला आक्षेप परीक्षेचा. ठरलेले मुद्दे लिहिले की गुण मिळतात. आमची मुले पहिल्या पिढीची शिकणारी, त्यांना हा प्रयोग परवडेल का? प्रश्न रास्त आहे. गुणांची किंमत आम्ही जाणतो. आमचेही घर गुणपत्रिकेच्या आधारानेच उभे राहिले. पण ज्या मुलाला दोन प्रसंग दाखवून एक विधान सिद्ध करता येते, त्याला ठरलेले मुद्दे लिहिता येतातच. उलट मात्र होत नाही. आणि पहिल्या पिढीच्या मुलांना पाठांतर, शहाण्या घरांतल्या मुलांना विचार, ही वाटणी आम्हांला मान्य नाही. ती जुनीच वाटणी आहे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक होता. चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना एका मुलाने म्हटले होते की, ‘तृतीय रत्ना’त बदल घडवून आणण्याचे काम पाद्री फार सहजपणे करतो, कुणबी आणि त्याची बायको यांना स्वतःहून विचार करावयास नाटककाराने आणखी जागा द्यावयास हवी होती. आम्ही त्याला पूर्ण गुण दिले. एका वडिलधाऱ्या पालकांनी विचारले, “गुरुजी, जोतीरावांच्या चुका काढायला शिकवता का आमच्या पोरांना?” त्यांच्या स्वरात राग कमी आणि दुःख अधिक होते. ज्या नावामुळे आपण शाळेची पायरी चढलो, त्या नावावर बोट ठेवलेले कोणाला रुचेल?

आम्ही त्यांना सांगितले ते येथेही सांगतो. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले आणि १९४६ साली शूद्रांच्या पूर्वेतिहासावरील आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला. पण तो ग्रंथ जोतीरावांच्या विधानांची पुनरुक्ती नाही. आर्य बाहेरून आले आणि त्यांनी येथील लोकांना शूद्र केले, ही जोतीरावांची मांडणी बाबासाहेबांनी त्यात स्वीकारली नाही. पुरावे तपासून ते स्वतंत्र निष्कर्षाला आले. ज्याला अर्पण केले त्याच्याशी मतभेद, आणि तरी अर्पण मनःपूर्वक. आदर आणि चिकित्सा एकाच मनात कशी नांदते, याचा याहून मोठा दाखला आम्हांला ठाऊक नाही. त्या मुलाने जोतीरावांचे नाटक इतक्या बारकाईने वाचले की त्याला त्यातील एक उणीव दिसली. ज्या लेखकाने शिक्षणाला माणसाचा तिसरा डोळा मानले, त्याला असा वाचक मिळणे यात त्याचा अवमान कसा होईल? ते पालक पटल्याचे म्हणाले नाहीत. पण तो निबंध वाचून पाहू म्हणाले आणि वही घरी घेऊन गेले.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज स्वतः शिक्षक आहेत. काही कचेरीत आहेत, काही न्यायालयात, काही रुग्णालयात. तुमच्यासमोर रोज माणसे येतात आणि त्यांच्याविषयी दोन ओळी लिहाव्या लागतात : अर्जावरचा शेरा, गोपनीय अहवाल, केसपेपर. त्या दोन ओळींवर कोणाचे काम अडते, कोणाचे मार्गी लागते. तेथे ‘कामचुकार’, ‘अडाणी’, ‘भांडकुदळ’ असा तयार शब्द हाताशी येईल. तो लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबून, या माणसाने प्रत्यक्ष काय केले आणि त्याला कशाचे भय होते, एवढे जरी विचारले, तरी नववीच्या मराठीच्या तासाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

ती मुलगी आज या स्मरणिकेची वाचक असेल. तिचे नाव येथे घेत नाही; तिला ते कळेल. त्या रात्री तिच्या प्रश्नाला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. आज एवढे म्हणू शकतो : आईला अडाणी लिहू नकोस. तिला काय ठाऊक होते आणि काय ठाऊक होऊ दिले गेले नव्हते, ते लिही. तिचे चुकले असेल तर तेही लिही. आणि ज्या आईने कानांतली फुले गहाण टाकली, तिनेच पुढे मुलीला वसतिगृहात शिकावयास पाठविले, हे शेवटी लिहावयास विसरू नकोस. तुझ्या वहीतील ती कोरी जागा अपूर्ण नव्हती. आमचा शेरा अपूर्ण होता.